वाचकांचे प्रश्न : जेजुरीचा गड आणि त्याच्या दंतकथा

चंपाषष्ठीच्या निमित्ताने मागील अंकात आम्ही जेजुरीच्या खंडोबावर अर्धे पान लिहिले होते. ते अर्धे पान पुरले नाही, हे नंतर आलेल्या पत्रांवरून कळले. पत्रांची निवड करताना आम्ही ती आलेल्या तारखेने न लावता, गडाच्या पायथ्यापासून वर जावे तशी ढोबळमानाने लावली आहेत. जेजुरीच्या दंतकथांना आपापली जागा आहे. कोणती पायरीवर बसली आहे, कोणती अर्ध्या वाटेवर, कोणती थेट गाभाऱ्यात, आणि ती जागा लक्षात घेतली की कथेतील निम्मे कोडे आपोआप सुटते, असे आमचे मत आहे.

प्रश्न : गाण्यात ‘नवलाख पायरी’ म्हणतात. या वेळी मी आणि माझ्या नातवाने मिळून पायऱ्या मोजल्या. माझ्या चारशेच्या आत राहिल्या, त्याच्या चारशेवर गेल्या. खरा आकडा कोणता? (बार्शी)

उत्तर : दोघेही बरोबर असण्याची शक्यता आहे. गडावर जाण्यास तीन बाजूंनी पायऱ्या असून गावाकडून चढणारी उत्तरेची वाट सर्वाधिक वापरातील आहे. त्या वाटेवर कमानी, मध्येच सपाट टप्पे, दुकानांसमोर अर्धवट झिजलेली दगडे असे बरेच काही येते, आणि त्यांतील पायरी कशाला म्हणायचे हे मोजणाऱ्याच्या वयावरही अवलंबून राहते. लोकगीतातील ‘नवलाख’ हा आकडा मोजणीचा नाही. नवलाख तारे, नवलाख दिवट्या म्हणताना मराठी माणूस ‘डोळ्यांत मावणार नाही एवढे’ असे म्हणत असतो. पुढच्या खेपेस पायऱ्यांऐवजी वाटेच्या दुतर्फा उभ्या असलेल्या दीपमाळा पाहाव्यात असे सुचवितो. नवस फेडणाऱ्यांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या आहेत आणि त्यांतील एक दुसरीसारखी नाही. एखादी ठेंगणी व जाड, एखादी सडपातळ, कुणाचे दिवे ठेवण्याचे हात तुटलेले. नवसाला पैसा किती जमला होता हे दगडाच्या उंचीवरून कळते.

प्रश्न : चढताना पायऱ्यांवर मणी दैत्याचे स्थान दाखवितात आणि लोक त्याच्याही पाया पडतात. देवाने ज्याला मारले त्याची पूजा कशासाठी? आणि मग त्याचा भाऊ मल्ल कोठे गेला? (परभणी)

उत्तर : ‘मल्लारी माहात्म्य’ या संस्कृत ग्रंथात ही कथा विस्ताराने येते. मणिचूर्ण पर्वतावर तप करणाऱ्या ऋषींचे आश्रम मल्ल व मणी या दैत्यबंधूंनी उद्ध्वस्त केले. ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले, आणि तेथे उपाय न चालल्यामुळे अखेर शंकराकडे आले. शंकराने मार्तंडभैरवाचे, म्हणजेच खंडोबाचे, रूप घेतले, जटेतून घृतमारी ही शक्ती उत्पन्न केली आणि सात कोटी सैन्यासह तो युद्धास निघाला. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत आपण जे सहा दिवसांचे नवरात्र बसवितो, ते या युद्धाचे सहा दिवस होत.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र युद्धात नाही, शेवटी मागितलेल्या वरात आहे. जखमी होऊन पडलेल्या मणीला पश्चात्ताप झाला. आपला पांढरा घोडा त्याने देवाला दिला, देवाच्या प्रत्येक ठाण्यात आपल्याला जागा मिळावी आणि बकऱ्याचा नैवेद्य मिळावा असे मागितले, आणि देवाने ते दिले. मल्लाला विचारले तेव्हा त्याने जगाचा नाश मागितला, म्हणून त्याचे मस्तक उडाले आणि भक्तांनी पाय देऊन वर जावे अशा रीतीने ते देवळाच्या पायरीशी आले. काही ठिकाणी ही कथा थोडी वेगळी सांगतात. मल्लाने आपले नाव देवाच्या नावाआधी घ्यावे असे मागितले आणि म्हणून देव मल्हारी, म्हणजे मल्लाचा अरी झाला. शत्रूचे नाव घेतल्यावाचून देवाचे नाव पुरे होत नाही, ही तोड कोणा भक्ताला सुचली असेल त्याचे कौतुक वाटते.

मणी हा येथे हरलेला शत्रू राहिलेला नाही. तो देवाच्या घरातला झालेला आहे. बकऱ्याचा नैवेद्य कोणाला, हा प्रश्न या कथेने किती शिताफीने सोडविला आहे तेही पाहावे. वर गाभाऱ्यातील देव शंकराचा अवतार, त्याच्यापुढे पुरणपोळी. मांसाचा नैवेद्य ज्यांच्या घराण्यात चालत आला त्यांना तो सोडावा लागला नाही, कारण तो घेणारा खाली बसलेला आहे. दोन प्रकारच्या भक्तांची सोय एकाच डोंगरावर झाली.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीने गडावर विचारले, ‘‘आई, म्हाळसा देवाजवळ वर आणि बाणाई एकटी अर्ध्या वाटेत, असे का? ती नावडती होती का?’’ मला उत्तर देता आले नाही. आपण द्यावे. (सातारा)

उत्तर : मुलीला आमच्याकडून शाबासकी सांगावी. मोठ्या अभ्यासकांनी ज्या प्रश्नापासून सुरुवात केली, तोच तिने विचारला आहे.

कथा अशी सांगतात. देव आणि म्हाळसा सारीपाट खेळत बसले. देव हरला आणि पणाप्रमाणे त्याला बारा वर्षे घराबाहेर राहावे लागले. (बाणाईला आधीच स्वप्नात पाहिलेले असल्यामुळे तो मुद्दाम हरला, असे वाघ्ये डोळे मिचकावून सांगतात.) फाटक्या कपड्यातील म्हाताऱ्याचे सोंग घेऊन तो चंदनपुरीला बाणाईच्या वाड्यावर मेंढका म्हणून चाकरीला राहिला. ही चंदनपुरी म्हणजे नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळची, असे भाविक मानतात आणि तेथेही मोठी यात्रा भरते. एक दिवस मेंढ्या धुवायला सांगितले, तर या चाकराने एकेक मेंढी उचलून धोंड्यावर आपटली आणि सारा कळप मारून टाकला. बाणाई रडू लागली तेव्हा, ‘‘लग्न करशील तर उठवितो,’’ असे म्हणून त्याने भंडारा उधळला आणि मेंढ्या अंग झाडून उठल्या. मग बाणाईला घोड्यावर पुढे घेऊन देव जेजुरीस आला.

पुढचा भाग गाण्यांत आहे आणि तो फार गोड आहे. म्हाळसा वाण्याची, लिंगायत घरातली, सोवळ्यातली. बाणाई धनगराची, रानातली, मेंढ्यांच्या वासाची. दोघींची जी जुंपते तिच्यात एकमेकींचे जेवण, अंघोळ, लुगडे, माहेर काहीही सुटत नाही. जागरणाला बसलेल्या बायका या ठिकाणी पदर तोंडाला लावून हसतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. शेवटी देवाने तोडगा काढला तो गड वाटून देण्याचा. वरचा गड म्हाळसेचा, अर्ध्या वाटेवरील ठाणे बाणाईचे. तेव्हा मुलीला एवढेच सांगावे की बाणाई नावडती नव्हती. तिने स्वतःचे वेगळे घर मिळविले, आणि वर जाणाऱ्याला व खाली येणाऱ्याला तिच्या दारावरून जावेच लागते.

आपल्यासाठी थोडे अधिक. लोकपरंपरेत खंडोबाच्या बायका दोनच नाहीत. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई भागवानीण अशी आणखी तीन नावे येतात. भागवान म्हणजे फळे विकणारे बागवान, आणि बागवान हे मुसलमान. देवाला ‘मल्लूखान’ म्हणण्याचीही रीत आहे. देवाचा प्रधान हेगडी, तोही वाणी आणि म्हाळसेचा भाऊ. वाणी, धनगर, शिंपी, माळी, बागवान ही यादी वाचली की ती एका बाजारगावाची वस्ती आहे हे लक्षात येते. ज्या ज्या समाजाने देवाला आपला मानले, त्याने आपली एक लेक त्याला दिली आणि त्यानंतर देव त्या समाजाचा जावई झाला. शेतकरी वाचकांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर दंतकथा हा या देवाचा सात-बारा आहे. कोणाचे नाव कधी चढले आणि कोणाच्या वाट्याला किती डोंगर आला, ते तिच्यात नोंदलेले आहे. अशा नोंदीला ‘हे खरे घडले का’ असे विचारून फारसे काही हाती लागत नाही.

प्रश्न : आमची कुलदेवता म्हार्दोळची श्री म्हाळसा नारायणी. जेजुरीला गेलो असता तेथील गुरवांनी, ‘‘तुमचीच म्हाळसा ही,’’ असे सांगितले. घरातील वडीलधारे मात्र ‘‘आपली म्हाळसा विष्णूची, खंडोबाशी तिचा संबंध नाही,’’ असे म्हणतात. खरे काय? (फोंडा, गोवा)

उत्तर : वडीलधाऱ्यांचे म्हणणे आपल्या देवळापुरते अगदी रास्त आहे. म्हार्दोळची देवी मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडली तेव्हा ती फोंड्याकडे आणली गेली. तिच्या चार हातांत त्रिशूळ, खड्ग, दैत्याचे मस्तक आणि पात्र असून तिला विष्णूचे मोहिनीरूप मानतात. तिच्या पूजेत खंडोबा नाही, येळकोट नाही, भंडाऱ्याची उधळणही नाही.

परंतु गुरवही हवेत बोलले नाहीत. जेजुरीकडच्या कथेत म्हाळसा ही नेवाश्याच्या तिमशेट वाण्याची मुलगी. देवाने स्वप्नात येऊन तिला मागणी घातली आणि सातारा जिल्ह्यातील पाली येथे पौषात दोघांचे लग्न लागले. पालीच्या यात्रेत हे लग्न अजूनही दरवर्षी लावतात. आता नेवासे हे प्रवरेकाठचे गाव मोहिनीराजाचे आहे. समुद्रमंथनानंतर अमृत वाटणाऱ्या मोहिनीचे देऊळ तेथे आहे, आणि तिला पाहून शंकर मोहित झाला तेव्हा तिने पुढच्या जन्मी पत्नी होण्याचे वचन दिले, ती पुढे म्हाळसा झाली, असा दुवा खंडोबाच्या भक्तांनी जोडलेला आहे. गोव्याच्या देवीचे मूळ नेवाश्यात सांगणारी परंपराही आहेच. म्हणजे दोन्ही वाटा मोहिनीपाशी एकत्र येतात. एक वाट तिला विष्णूपाशीच ठेवते, दुसरी तिचे शंकराशी लग्न लावून देते.

आमचे मत विचाराल तर नाव एक व मूळकथा एक असली, तरी दोन्ही देवींचे संसार वेगळे आहेत. लग्न न झालेल्या मावशीला आणि लग्न झालेल्या आईला एकच समजावे असा आग्रह कोणी धरू नये. आपला कुळाचार म्हार्दोळचाच ठेवावा आणि जेजुरीस गेल्यावर म्हाळसेची ओटीही भरावी. कोणाचीही हरकत येणार नाही.

प्रश्न : ‘येळकोट’ म्हणजे नेमके काय? आमच्या सरांनी ‘येळ म्हणजे वेळ’ असे सांगितले होते. (इयत्ता नववी, जालना)

उत्तर : सरांबद्दल आदर राखून सांगतो की शब्द कानडी आहे. कानडीत ‘एळु’ म्हणजे सात आणि ‘कोटी’ म्हणजे कोटीच. ‘एळु कोटी’चे मराठी जिभेवर ‘येळकोट’ झाले. मार्तंडभैरवाच्या सात कोटी सैन्याची ती ललकारी होय. कर्नाटकातील मैलार या क्षेत्री हाच देव मैलारलिंग या नावाने नांदतो आणि तेथील भक्त आजही ‘एळुकोटी एळुकोटी’ असाच गजर करतात. ‘हेगडी’ हाही कानडी ‘हेग्गडे’, म्हणजे गावाचा मुख्य. आंध्र-तेलंगणात हाच देव मल्लन्ना होतो. महाराष्ट्राचे कुलदैवत म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो त्याच्या नावाने ओरडताना आपण कानडी बोलत असतो, ही गोष्ट सीमावादाच्या दिवसांत तरी आठवावी.

प्रश्न : आमच्याकडे लग्नानंतर जागरण घालतात. यंदा सुनेने विचारले की वाघ्या-मुरळीला बोलावणे म्हणजे एका वाईट प्रथेला हातभार लावणे नाही का? आम्हाला उत्तर सुचले नाही. (चिंचवड)

उत्तर : सूनबाईंचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला लपवाछपवी न करता उत्तर दिले पाहिजे. मूल होत नसल्यास, होऊन जगत नसल्यास, पहिले मूल देवाला वाहण्याचा नवस पूर्वी बोलत. मुलगा वाहिला तर तो वाघ्या, मुलगी वाहिली तर तिचे देवाशी लग्न लावून ती मुरळी. वाघ्यांत संसार करून नवसापुरते वारी मागणारे घरवाघे आणि त्यावरच पोट भरणारे दारवाघे असा भेद होता. मुलाचे एकवेळ निभावून जाई. मुलीचे मात्र आयुष्य त्या दिवशी संपल्यात जमा होई, कारण देवाची बायको म्हणून तिला माणसाशी लग्न करता येत नसे आणि माणसे तिला एकटीही राहू देत नसत.

या प्रथेविरुद्ध पहिली धारदार टीका ज्या समाजांतील मुली वाहिल्या जात त्यांच्यामधूनच झाली, हे सांगायला हवे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले आणि त्यातून मुरळ्या सोडण्याच्या चालीवर सतत लिहिले. एका मुरळीचे पत्रही त्यांनी छापले होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही हा प्रश्न हाती घेतला. पुढे १९३४ चा मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा आला, आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये समर्पणाची प्रथा निर्मूलन करणारा स्वतंत्र कायदा केला. मुलगी वाहणे हा आज गुन्हा आहे.

जागरण घालणे मात्र गुन्हा नाही. दिमडी, तुणतुणे, मुरळीच्या हातातील घोळ (घंटा), गळ्यातील कवड्यांचा गाठा, पुढे ठेवलेला कोटंबा (भिक्षापात्र) या सगळ्यांसह रात्रभर गाणारी मंडळी पुष्कळदा आता एका कुटुंबातीलच असतात आणि ‘मुरळी’ म्हणून गाणारी बाई त्या घरची सूनही असते. बोलाविताना चौकशी करावी, संकोच धरू नये. पहाटे लंगर तोडतात, म्हणजे लोखंडी साखळी एका हिसक्यात तोडतात, तेव्हा सूनबाईंना पुढे बसवावे. आणि बिदागीत घासाघीस करू नये, ही आमची पदरची सूचना.

प्रश्न : मूळ स्थान कडेपठारचे की गडावरचे? आमच्या घरी यावरून दरवर्षी वाद होतो. गुडघे दुखतात म्हणणारे गडाच्या बाजूने आणि तरुण मंडळी कडेपठारच्या बाजूने. (नाशिक)

उत्तर : वादाची वाटणी गुडघ्यांनुसार झालेली पाहून बरे वाटले, कारण कथेतही नेमके तेच कारण सांगितले आहे. कडेपठार हे गावापासून दूर, अधिक उंचावरचे आणि अधिक जुने ठाणे. तेथे नित्य जाणारा एक भक्त म्हातारा झाला, चढवेना, तेव्हा देवच त्याच्यासाठी खालच्या टेकडीवर उतरून आला, अशी आख्यायिका आहे. भक्ताच्या गुडघ्यांसाठी देवाने पत्ता बदलला आणि त्याबरोबर क्षेत्राचे भाग्यही बदलले. खालची टेकडी वाटेवर पडत होती. पुणे, सासवड, पंढरपूर या रहदारीला ती जवळ होती. ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवडहून निघाली की तिचा मुक्काम आजही जेजुरीसच पडतो आणि एरवी बुक्का लावणारे वारकरी त्या दिवशी हळदीने माखतात.

खालच्या गडाला आजचे दगडी रूप येण्यात होळकरांचा वाटा मोठा आहे. मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, जातीने धनगर, आणि नाव तर देवाचेच. बाणाईच्या माहेरचा माणूस सुभेदार झाला म्हणजे काय होते, ते या तटबंदीकडे, ओवऱ्यांकडे आणि पायथ्याच्या तलावाकडे पाहून कळते. अहिल्याबाईंनीही येथे बांधकाम केले. होळकरांच्या इंदूरच्या टांकसाळीचे नाव ‘मल्हारनगर’ होते आणि तेथील नाण्यांवर सूर्याचे मुख असे. मार्तंड म्हणजे सूर्य, म्हणूनच देवाचा वार रविवार.

दोन्ही ठाण्यांचा वाद देवाने स्वतः मिटविलेला नाही, वर्षातून एकदा भेटून तो जिवंत ठेवला आहे. दसऱ्याला गडावरून पालखी निघते, कडेपठारावरून दुसरी निघते आणि मध्यरात्रीच्या सुमारास मधल्या दरीत, रमण्यात, दोघींची भेट होते. दारूकामाच्या उजेडात दोन्ही डोंगर क्षणभर दिसतात आणि पुन्हा अंधारात जातात. पालखी परत येते तो सकाळ झालेली असते, आणि मग सरदार पानसे घराण्याने अर्पण केलेला सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा, म्हणजे तलवार, उचलण्याची चढाओढ लागते. कोणी तो एका हाताने आडवा तोलून धरतो, कोणी दातांत धरतो. आपल्या घरच्या तरुण मंडळींना कडेपठारचा एवढा अभिमान असेल, तर त्यांना त्या सकाळी खंड्यापाशी उभे करावे.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. चंपाषष्ठीला तळी भरायची असते, परंतु घरात मी, पती आणि दोन मुली एवढेच. तळी पुरुषांनीच उचलावी असे सासूबाई सांगत. आता काय करावे? (न्यू जर्सी)

उत्तर : आधी रीत सांगतो, म्हणजे काय अडते ते कळेल. ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, नाणे, खोबऱ्याची वाटी आणि भंडारा ठेवावा. मध्ये देवाचा टाक किंवा कलश. दिवटी पेटवावी आणि बुधलीतून तिच्यावर तेल घालावे. दिवटी-बुधली नसल्यास निरांजन चालते, विशेषतः ज्या घरांत धुराची घंटा वाजते तेथे निरांजनच बरे. तीन, पाच अशा विषम संख्येने माणसांनी ताम्हणाला हात लावावा आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत ते तीन वेळा वर उचलावे. मग खाली ठेवून भंडारा लावावा, खोबरे वाटावे. नैवेद्याला बाजरीचा रोडगा, वांग्याचे भरीत, कांद्याची पात. चातुर्मासात सोडलेली वांगी व कांदा अनेक घरांत या दिवशी प्रथम खातात, म्हणून चंपाषष्ठीला ‘वांगे सट’ असेही म्हणतात. एक घास कुत्र्याला काढून ठेवावा. तो देवाबरोबर शिकारीला जाणारा सोबती आहे.

आता अडचण. पुरुषांनीच उचलावी ही बहुतेक घरांची चाल आहे हे खरे. आमच्या आजीच्या घरी मात्र, आजोबा गेल्यानंतर आणि काका परगावी असताना, आजी, आई आणि शेजारचा सात वर्षांचा मुलगा अशा तिघांनी तळी उचललेली आम्ही पाहिली आहे. मुलाचा हात पुरत नव्हता म्हणून त्याला पाटावर उभे केले होते. ताम्हण जरा तिरके झाले, सुपारी घरंगळून चुलीखाली गेली आणि आजी म्हणाली, ‘‘घेतली देवानं त्याची त्यानं.’’ तुमच्या घरी चौघे आहेत. चार ही सम संख्या, तेव्हा एकीने दिवटी धरावी आणि तिघांनी तळी उचलावी. पुढच्या वर्षी दोघी बहिणींनी अदलाबदल करावी, नाहीतर म्हाळसा-बाणाईचे भांडण तुमच्या घरी सुरू होईल.

प्रश्न : गडावर पांढरा सदरा घालून गेलो, पिवळा होऊन आलो. धुतला तर लाल झाला. हा भंडारा भेसळीचा होता काय? (कोल्हापूर)

उत्तर : उलट, लाल झाला म्हणूनच त्यात हळद असण्याचा संभव अधिक आहे. साबण किंवा चुना लागला की हळद लालसर होते. कुंकू परंपरेने याच गुणावर बनवीत आले आहेत. नुसत्या पिवळ्या रंगाची पूड मात्र बाजारात असते, आणि डोळ्यांत गेल्यावर ती चुरचुरते तेव्हा तिची ओळख पटते. म्हणून भंडारा शक्यतो घरची हळद दळून न्यावा, आणि तो उधळताना पायरीवर कमी व आभाळात जास्त जाईल असे पाहावे, कारण ओल्या पायावर ती पायरी साबणासारखी निसटते. सदऱ्यावरचा लाल रंग साध्या पाण्याने दोनदा खळबळल्यास पुन्हा पिवळा होईल. मग सदरा कडक उन्हात वाळत घालावा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन दिवसांत बराच उतरेल. शिवणीतला मात्र राहील.